एसीचा गॅस ‘संपत’ नसतो, मंडळी

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचा, कारण दोन-तीन उन्हाळ्यांत तुमच्याकडेही येणार आहे.

मार्च सरत आला की आपल्या ठाण्यात दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात. पहिलं, ‘यंदा उकाडा जरा जास्तच आहे.’ दुसरं, ‘काका, गॅस डाऊन आहे.’ पहिल्या वाक्याचे पैसे पडत नाहीत. दुसऱ्याचे अडीच-तीन हजार पडतात, आणि ते खरं आहे की नाही हे बोलणाऱ्या पोरालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चिलर प्लांटवर सव्वीस वर्षं काढली. गॅस, कॉम्प्रेसर, व्हॅक्यूम पंप हे माझं रोजचं जेवण होतं. निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या लोकांना मी ‘एसीवाले काका’ झालोय. फी घेत नाही, चहा घेतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते कुठल्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवरचं नाही.

मुळात ‘गॅस संपला’ ही भाषाच चुकीची आहे. ती आपल्या स्वयंपाकघरातून आली. शेगडीचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीचा गॅस जळत नाही, वापरला जात नाही, जुना होत नाही. अंगातल्या रक्तासारखा तो त्याच तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो: आत खोलीतली उष्णता घेऊन वाफ होतो, बाहेर ती टाकून पुन्हा द्रव होतो. मशीन नीट बसवलेलं असेल तर कारखान्यात भरलेला गॅस ते मशीन भंगारात जाईपर्यंत पुरतो. घरातल्या फ्रिजचं बघा ना. पंधरा-पंधरा वर्षं चालतो, दर उन्हाळ्यात त्यात कोणी गॅस भरतं का? तत्त्व तेच, कॉम्प्रेसर तोच. फरक एवढाच की फ्रिजची नळी कारखान्यात जोडलेली असते आणि एसीची नळी तुमच्या घरी, खिडकीत लोंबकळत, घाईघाईत जोडलेली असते.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच. कुठेतरी गळतोय. आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतून ‘बघा काका, भरली’ म्हणणं. पुढच्या वर्षी तोच पोरगा, तेच वाक्य, तेवढेच पैसे. माझ्या ओळखीत एक घर आहे, चार वर्षांत चार वेळा गॅस भरला. एवढ्या पैशांत नवीन इनडोअर कॉइल आली असती.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. ज्या मशीनचा गॅस कमी झालेलाच नाही, त्यातही गॅस भरला जातो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या घरचं सांगतो. मशीन जुनं, विदाऊट इन्व्हर्टर, दीड टनाचं. पंख्याची हवा येते पण गार होत नाही. एका सर्व्हिसवाल्याचा मुलगा आला, गेज लावला, म्हणाला गॅस पूर्ण गेलाय, तीन हजार दोनशे. काकूंनी ‘उद्या या’ सांगून मला फोन केला. मी जाऊन बघितलं तर बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर मात्र ‘हुंऽऽ’ करून गप्प बसतोय. थोड्या वेळाने परत हुंऽऽ, परत गप्प. कॉम्प्रेसर चालूच होत नाही तर हवा गार कशी होईल? रन कपॅसिटर काढून मीटरला लावला. वर छापलंय ४५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतोय २९. नवीन आणला, साडेतीनशे रुपये. वीस मिनिटांत खोली गार.

तो मुलगा चोर होता का? मला तसं वाटत नाही, आणि या पोस्टचा अर्धा मुद्दा तोच आहे. त्याला कपॅसिटर तपासायला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या बॅगेत मीटरच नव्हता. गेज होता, सिलिंडर होता. ज्याच्या हातात फक्त सिलिंडर दिलाय त्याला प्रत्येक एसीचा गॅसच गेलेला दिसणार.

आणि त्या गेजबद्दलही जरा बोलू. आपण लोक त्या घड्याळाच्या काट्याला डॉक्टरच्या रिपोर्टइतका मान देतो. तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत तीच असते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोपर्यंत दाब तेवढाच राहतो, तो तापमानावर ठरतो. एसीचंही तसंच. बंद मशीनवर गेज लावून दाब दिसला तर आत गॅस आहे एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही. चालू मशीनवर लावला तर? फिल्टर धुळीने बंद झालेला असेल, आतल्या कॉइलवर हवाच जात नसेल, तर सक्शनचा दाब आपोआप खाली येतो. काटा ‘कमी’ दाखवतो. गॅस पुरेपूर आहे, मळ जास्त आहे. अशा मशीनमध्ये गॅस भरा आणि मग फिल्टर धुवा. दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, बाहेरचं युनिट तापतं, भर दुपारी ट्रिप होतं. म्हणजे तीन हजार देऊन तुम्ही नवीन आजार विकत घेतला. इन्व्हर्टर मशीनमध्ये तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, वेगाबरोबर दाब बदलतो. तिथे नुसत्या काट्यावरून निदान करणं म्हणजे चालत्या लोकलमधून माणसाची नाडी बघण्यासारखं आहे.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे. प्रत्येक एसीच्या बाहेरच्या युनिटवर एक पाटी असते. तिच्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम किंवा किलो, हे छापलेलं असतं. गळती शोधायची, ती बंद करायची, नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस सोडायचा. नळी जास्त लांब असेल तर कंपनीच्या हिशोबाने वर थोडा. याला दोन-अडीच तास लागतात. आपल्याकडे पंधरा मिनिटांत ‘झालं काका, बघा कसा चिल्ड आहे’. ठाण्यातल्या किती घरांत गॅस भरताना वजनकाटा आलेला बघितलाय तुम्ही? मी आमच्या आख्ख्या सोसायटीत विचारलं. एकानेही बघितलेला नाही. आपण मटारसुद्धा काट्यावर घेतो हो.

गॅस खरंच कमी आहे की नाही याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या घेता येतो, आणि तो घ्याच. फिल्टर काढून धुवा. बाहेरच्या युनिटची जाळी कबुतरांच्या पिसांनी आणि धुळीने बंद आहे का बघा (ठाण्याची कबुतरं हा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे). रिमोट कूल मोडवर आहे ना? हसू नका, पावसाळ्यात ‘ड्राय’वर टाकून विसरलेली दोन घरं मी या मे महिन्यात बघितली. मग साधा थर्मामीटर घ्या. एसी फुल्ल लावून पंधरा-वीस मिनिटांनी, हवा आत खेचली जाते तिथलं आणि बाहेर येते तिथलं तापमान मोजा. दहा अंशांच्या आसपास फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. दमट दिवसांत हा फरक थोडा कमी येतो, त्याने घाबरू नका. एवढा फरक असूनही खोली गार होत नसेल तर दोष खोलीत शोधा. पश्चिमेची काच, वरच्या मजल्याचा स्लॅब, किंवा हॉलसाठी घेतलेला एक टनाचा एसी. तिथे गॅसचा काही संबंध नाही.

गॅस खरोखर कमी झाला की वेगळी खूण दिसते. बाहेरच्या युनिटला जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो आणि जाड नळी मात्र कोमट राहते. आतल्या कॉइलचा एक कोपरा बर्फाळ, बाकी कॉइल कोरडी. उलट सगळ्या कॉइलवर सरसकट बर्फ आणि जाड नळीही गोठलेली असेल तर आधी फिल्टर, ब्लोअर आणि मळ बघा. आणि एसीतून भिंतीवर पाणी टपकतंय म्हणून कोणी गॅस सांगितला तर आधी ड्रेनचा पाईप साफ करायला लावा. बहुतेकदा तो शेवाळाने तुंबलेला असतो, किंवा बसवतानाच त्याला उतार दिलेला नसतो.

तर आता मूळ प्रश्न. गळती येते कुठून?

काही ठिकाणी आपली हवाच वैरी आहे. खाडीकाठच्या, नाल्याकाठच्या घरांत कॉइलचं तांबं काळं पडून बारीक बारीक छिद्रं पडतात. त्याला मेकॅनिक काही करू शकत नाही. पण बाकीच्या बऱ्याच गळत्यांचा जन्म एसी बसवला त्या दिवशी झालेला असतो. नळीचं तोंड पसरवून, म्हणजे फ्लेअर करून, त्यावर नट आवळतात. तो फ्लेअर वाकडा झाला, चिरला, नट कमी किंवा जास्त आवळला, की गळती सुरू. पहिल्या दिवशी कळत नाही. पहिला उन्हाळा निघून जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात ‘गॅस डाऊन’. तोवर गॅसची वॉरंटी संपलेली. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत छापतात. गॅस कुठल्या ओळीत आहे, किती वर्षांचा आहे, ते बारीक अक्षरांत शोधून बघा. भिंग लागेल.

दुकानात चाळीस हजारांचा एसी घेताना सेल्समन तुम्हाला वायफाय दाखवतो, फिल्टरचे सात थर दाखवतो. बसवायला कोण येणार, त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप असेल का, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कंपनी बसवण्याचं काम एजन्सीला देते, एजन्सी ठेकेदाराला, ठेकेदार पोराला. पोराला मिळतात नगावर पैसे. एप्रिल-मे मध्ये दिवसाला सात-आठ घरं केली तर त्याचं भागतं. व्हॅक्यूम करायला प्रत्येक घरी वीस मिनिटं जास्त लावली तर एक-दोन घरं कमी होतात. मग तो काय करतो? बाहेरच्या युनिटचा व्हॉल्व्ह जरा उघडतो, आतल्याच गॅसने नळीतली हवा फुस्सकन बाहेर ढकलतो, आणि ‘झालं’. तुमच्या नव्या कोऱ्या मशीनचा गॅस पहिल्या दिवशीच थोडा गेला. ओल आत राहिली ती वेगळी. हल्लीच्या मशीनमधलं तेल पाणी चटकन शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसर जातो तेव्हा आपण व्होल्टेजला शिव्या देतो.

इथे कॉमेंटमध्ये कोणीतरी हमखास ‘हे सगळे परप्रांतीय’ वगैरे सुरू करणार. आधीच सांगतो, नको. जळगावचा पोरगा असो, आझमगडचा असो, नगावर पैसे दिले की काम तसंच होतं. यात भाषेचा प्रश्न नाही, दराचा आहे. आणि तुमच्या खिडकीबाहेर दहाव्या मजल्यावर, एक पाय ग्रिलवर आणि एक पाय हवेत ठेवून, कमरेला दोरीसुद्धा न बांधता उभा राहतो तो कोणत्या जिल्ह्यातला, हे तो पडल्यावरच आपण विचारतो.

हो, त्या उभं राहण्याबद्दलही बोलायलाच हवं. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरचे ब्रोशर बघा. एकाही चित्रात एसीचं बाहेरचं युनिट दिसत नाही. इमारत कशी गुळगुळीत, चकचकीत. जणू ठाण्यात एसी लावणारच नाही कोणी. मग माणसं राहायला येतात, एसी लावतात, आणि युनिट जातं कुठे? डक्टमध्ये. चार बाय चारच्या डक्टमध्ये वीस मजल्यांची युनिटं एकाखाली एक. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. अठराव्या मजल्यावरचं मशीन उकळत्या हवेत श्वास घेत असतं. ते ट्रिप होणारच. आणि तिथे काय निदान होतं? बरोबर ओळखलंत. गॅस डाऊन.

डक्ट नसेल तर सज्जाबाहेर लोखंडी अँगल. तिथे पोचायला ना जिना, ना फळी, ना बेल्ट अडकवायला हूक. सोसायटीची कमिटी ‘एलिव्हेशन बिघडतं’ म्हणून युनिट सोयीच्या जागी लावू देत नाही, पण त्या युनिटपर्यंत माणूस पोचणार कसा यावर एकाही सभेत चर्चा होत नाही. नकाशा मंजूर करताना पार्किंगचे चौकोन मोजतात. तशी प्रत्येक फ्लॅटला आतून पोचता येईल अशी युनिटची जागा आणि बेल्टसाठी पक्का हूक, एवढं सक्तीचं करायला महापालिकेला काय अडचण आहे? निवडणुकीत मत मागायला आलेल्यांना हा प्रश्न विचारा. मी विचारला होता. ‘चांगला मुद्दा आहे काका’ असं उत्तर मिळालं.

सरकारचं लक्ष कुठे आहे? रिमोटवर. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू झाले पाहिजेत असा नियम आला. चांगला नियम आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांत बांधून टाकण्याची घोषणा केली, तेव्हा टीव्हीवर काय ती चर्चा! आमच्या खोलीचं तापमान सरकार ठरवणार का, स्वातंत्र्याचं काय, वगैरे. त्या स्टुडिओतला एसी कोणी बसवला, त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं का, हे एकाही अँकरने विचारलं नाही.

कारण तसं प्रमाणपत्र लागतच नाही. घरातलं वायरिंग करायला महाराष्ट्रात तारतंत्रीचा परवाना लागतो. तो किती जणांकडे असतो हा भाग निराळा, पण कायद्यात आहे. एसीची गॅसने भरलेली नळी उघडायला मात्र काहीही लागत नाही. तुम्ही उद्या सकाळी एक गेज आणि एक सिलिंडर विकत घ्या, दुपारी तुम्ही एसी मेकॅनिक. अमेरिकेत १९९४ पासून प्रमाणपत्राशिवाय कोणालाही हे काम करता येत नाही आणि गॅस मुद्दाम हवेत सोडणं हा गुन्हा आहे. युरोपातही प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’ आणला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य लिहिलंय. कागद उत्तम आहे, मी वाचलाय. पण ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि ज्याच्याकडे नाही, दोघांना नगाचा दर तोच मिळणार असेल तर आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवणारा मूर्ख ठरतो. असे आयटीआय झालेले दोन मुलगे माझ्या माहितीत आहेत. एक आता मोबाईलच्या दुकानात आहे, दुसरा फूड डिलिव्हरी करतो.

आणि हा प्रश्न आता नुसत्या पैशांचा राहिलेला नाही. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असायचा. तो ओझोनचा शत्रू, पण पेटत नव्हता. हल्लीच्या बहुतेक नव्या मशीनमध्ये आर-३२ आहे, तो मंद का होईना पण पेटू शकतो. काही मशीनमध्ये आर-२९० आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन. तुमच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. नीट हाताळला तर हे गॅस सुरक्षित आहेत, पर्यावरणाला जुन्यांपेक्षा बरेही आहेत. पण आत गॅस आहे की नाही याची खात्री न करता नळीवर बर्नर धरणारा माणूस आर-२२ च्या काळात वाचायचा. आता वाचेल याची खात्री नाही. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. त्यावेळी एखादी नळी उघडी राहून कॉम्प्रेसरने हवा आत ओढली तर तेल आणि हवेचं मिश्रण दाबाखाली पेटतं आणि कॉम्प्रेसर फुटतो. घर बदलताना ‘दोन हजारांत काढून लावून देतो’ म्हणणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलंय?

हवेत सोडलेल्या गॅसचा हिशोबही एकदा करून टाकू. दीड टनाच्या मशीनमध्ये समजा ८०० ग्रॅम आर-३२ आहे. हा गॅस तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. म्हणजे ५४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे सुमारे २३५ लिटर पेट्रोल, म्हणजे तुमची स्कूटर दहा हजार किलोमीटर. तेवढं सगळं एका फुस्समध्ये. जुना आर-२२ याच्या अडीच पटीहून वाईट आणि आर-४१०ए त्याहून वाईट. अशा गॅसेसचा वापर कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मंजुरी दिली. करार दिल्लीत मंजूर होतो, फुस्स वर्तकनगरात होतो.

आता थोडं आपल्याबद्दल, राग येईल तरी. एक लाखाचा सोफा घेणारा माणूस एसी बसवणाऱ्याशी तीनशे रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. ‘व्हॅक्यूमचे वेगळे पैसे कशाला, मागच्याने तर घेतले नव्हते.’ मागच्याने केलंच नव्हतं, म्हणून घेतले नव्हते. ‘नायट्रोजन टेस्टचे हजार? लुटायला बसलेत.’ आणि तोच माणूस गॅसचे तीन हजार निमूट देतो, कारण गॅस ही काहीतरी भरलेली ‘वस्तू’ वाटते आणि तपासणी ही नुसती ‘बडबड’ वाटते. जो मेकॅनिक ‘काका, गॅस ठीक आहे, फिल्टर बदला’ म्हणून दोनशे रुपये व्हिजिट मागतो, त्याला आपण ‘काही केलंच नाही तर पैसे कसले?’ म्हणतो. प्रामाणिक माणूस या धंद्यात का टिकत नाही, याचं थोडं उत्तर आपल्याच दारात आहे.

मग करायचं काय? ठाण्यात बसून जे करता येतं ते सांगतो. गॅस भरायचाय म्हणाला की विचारा: गळती कुठे आहे ते दाखव. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दाखव, मी मोबाईलवर फोटो काढतो. गळती सापडत नसेल तर नायट्रोजन लाव, त्याचे पैसे देतो. वजनकाटा आहे का? नसेल तर घेऊन ये, मी थांबतो. बिलावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरला ते लिहायचं. ‘गॅस चार्जिंग – १ नग’ असलं बिल घेऊ नका. आणि बिलच देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे सांगा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, मराठीतही बोलतात. नवीन एसी घेताना दुकानात पैसे देण्याआधी लिहून घ्या की बसवताना व्हॅक्यूम पंप वापरणार. सेल्समन तोंडाकडे बघत बसेल. बघू द्या.

सोसायट्यांसाठी एक सूचना. आमच्याकडे येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतोय: बेल्ट लावल्याशिवाय कोणालाही बाहेरच्या बाजूला उतरू द्यायचं नाही, सोसायटीने स्वतःचे दोन फुल बॉडी हार्नेस घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायचे, आणि गच्चीवर हूक बसवून घ्यायचे. खर्च मी काढलाय, वर्षाच्या सत्यनारायणाच्या पूजेच्या जेवणापेक्षा कमी येतो. ठरावाचा मसुदा कोणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, पाठवतो.

आणि एक काम सगळ्यांना. गेल्या दोन वर्षांत तुम्ही एसीत गॅस भरला असेल तर त्या बिलाचा फोटो कॉमेंटमध्ये टाका. दुकानाचं नाव, फोन नंबर, तुमचा पत्ता झाकून टाका, मला कोणाला बदनाम करायचं नाही. मला फक्त बघायचंय, किती बिलांवर ग्रॅम लिहिलेत. माझ्याकडे आत्तापर्यंत अकरा बिलं जमलीत. एकावरही नाही.